घाटाच्या पायथ्याचे पाणी

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाच्या दृष्टीने कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके म्हणजे वाटेत लागणारा एक तासाचा प्रदेश. रेल्वेने जाणाऱ्याला कर्जत आठवते ते फलाटावरच्या दिवाडकरांच्या वड्यामुळे. बटाटा वर्ज्य असलेल्या जैन प्रवाशांना त्याच्या वर्णनावरच समाधान मानावे लागते. मोटारीने जाणाऱ्याला खालापूर आठवते ते टोलनाक्यामुळे, आणि खोपोली आठवते ती घाट चढताना खाली लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे. एवढ्या ओळखीवर हजारो माणसे आयुष्यभर या प्रदेशातून जातात-येतात.

पूर्वेला सह्याद्रीची सरळ उभी भिंत, पश्चिमेला माथेरान-प्रबळगडाची डोंगररांग आणि मध्ये भातखाचरांची सपाटी, अशी या मुलखाची घडण आहे. रायगड जिल्हा म्हटला की समुद्र डोळ्यांपुढे येतो. या तालुक्यांतून तो दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाब्याला जोडला गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. मनाने मात्र कर्जतकर अजूनही कल्याण-मुंबईकडे आणि खालापूरकर पनवेलकडे झुकलेला असतो, कारण नद्या आणि लोहमार्ग त्या दिशांनीच वाहतात.

तीन नद्या इथल्या डोंगरांतून एकमेकींपासून फार दूर नसलेल्या जागी उगम पावतात. उल्हास राजमाचीच्या खालच्या दरीतून निघते आणि उत्तरेकडे वळून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण अशी वसईच्या खाडीला मिळते. पाताळगंगा खोपोलीच्या घाटाखालून पश्चिमेकडे वाहत धरमतरच्या खाडीत जाते. अंबा नदीही बोरघाटाच्या परिसरातूनच निघते. जांभूळपाडा, नागोठणे असा वळसा घेऊन तीही शेवटी धरमतरलाच पोहोचते. पावसाळ्यात या तिन्ही नद्यांचे रूप पाहणाऱ्याला इथे पाण्याची टंचाई पडत असेल, हे सांगूनही पटणार नाही. सपाटीवरही वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथेरानच्या माथ्यावर त्याहूनही जास्त.

तरीही मार्च उलटला की डोंगरावरच्या वाड्यांमधून हंडे घेऊन उतरणाऱ्या स्त्रियांची रांग दिसू लागते. कारण अगदी साधे आहे. इथला दगड काळा, घट्ट. पाणी मुरते ते त्याच्या फटींतून आणि भेगांतून. उतार तीव्र, वरची माती पातळ, आणि जिथे झाडी तुटली तिथे तीही वाहून गेलेली. माथ्यावर पडलेला पाऊस काही तासांत ओहोळांतून नदीत आणि नदीतून खाडीत जातो. डोंगरात उरते ते फक्त झऱ्यापुरते पाणी.

लेणी, पोढी आणि वाट

या पाण्याचा विचार करणारी माणसे या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वीही होती. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून घाटावर जाणारा व्यापार याच खिंडींतून चढत असे. कर्जतपासून जवळ, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे बौद्ध लेणी आहेत. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेले तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीचे मानले जाते. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, अशा आशयाचा ब्राह्मी लेखही तिथे आहे. प्राचीन कारागिराचे नाव इतक्या सहजपणे हाती लागावे, असे क्वचितच घडते.

घाट चढून वर गेले की मावळात, कामशेतच्या परिसरात पाले नावाचे गाव लागते. तेथील लेण्यातला छोटासा ब्राह्मी लेख जैन वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. अरहंतांना नमस्कार करून त्याची सुरुवात होते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा लेख महाराष्ट्रातील सर्वांत जुना जैन शिलालेख मानला जातो. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे करविले आणि पोढीही करविली, असे तो सांगतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. निवाऱ्याइतकेच महत्त्व त्या दात्याने पाण्याला दिले, आणि लेख कोरताना त्याची नोंदही ठेवली. पावसाळ्यात अडकून पडणाऱ्या श्रमणांना लेणे हवेच. पण उन्हाळ्यात घाट चढून येणाऱ्या तहानलेल्या वाटसरूला टाके अधिक हवे. बाराही महिन्यांचा हिशेब त्या माणसाच्या मनात असावा.

ही वाट साऱ्यांनीच वापरली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज कोंडली. चावणी गावाजवळची ही खिंड इतकी अरुंद की संख्येचा उपयोगच होऊ नये. पुढे पाण्यावाचून तळमळणाऱ्या फौजेला शस्त्रे आणि सामान टाकून परत जावे लागले. रायबागन या माहूरच्या सरदार स्त्रीने खानाला शरणागतीचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. पेशवाईत नाना फडणविसांनी खोपोलीला महादेवाचे मंदिर आणि विस्तीर्ण दगडी तलाव बांधला. घाट चढण्यापूर्वी बैल, घोडे आणि माणसे यांना पाणी मिळावे, हा त्यामागचा व्यवहार होता. महडच्या वरदविनायकाची मूर्तीही तळ्यातच सापडल्याची श्रद्धा आहे; तेथील मंदिर रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ मध्ये बांधले. तळे, टाके, पोढी हे शब्द या प्रदेशाच्या इतिहासात असे पुन्हापुन्हा भेटतात.

बोरघाटातून चाकांची वाहने जाऊ शकतील असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्यानंतर आली रेल्वे. मे १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोहोचली आणि काही वर्षे हे लहानसे गाव मोठा मुक्काम बनले. प्रवासी इथे उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून खंडाळ्याला चढत; १८५८ पासून तिथून पुढे पुण्याची गाडी मिळू लागली. मधला घाट १८६३ मध्ये पूर्ण झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या त्या चढावर २५ बोगदे खोदावे लागले. काम ऐन भरात असताना, १८६१ मध्ये, मजुरांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये, मरण पावला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, कंत्राट आपल्या हाती ठेवून काम तडीस नेले. तिचे नाव इतिहासात राहिले. पटकी, ताप आणि सुरुंग यांना बळी पडलेल्या हजारो मजुरांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. बलकाला मिळाले तेवढे भाग्य त्यांना मिळाले नाही.

आजही घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात. बँकर हा शब्द कर्जतच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो, आणि बँकेशी त्याचा काही संबंध नाही हेही.

दुसऱ्या समुद्राचे पाणी

या प्रदेशाच्या अर्थकारणात सर्वांत मोठी उलथापालथ कोणत्या गोष्टीने केली, याचे उत्तर रेल्वे असे दिले जाते. ते अपुरे आहे. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, ती घटना अधिक दूरगामी ठरली. जमशेटजी टाटांनी पाहिलेले हे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी साकार झाले. त्यामागची कल्पना धाडसी होती. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव बांधून पाणी अडवायचे, आणि ते पूर्वेकडे वाहू न देता नळांतून पश्चिमेकडे, पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली सोडायचे. त्या पाण्याच्या जोरावर फिरलेल्या चक्रांनी मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरवली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. त्याला आंध्रा नदीवरच्या धरणाचे पाणी मिळते.

घाटमाथ्यावरचे हे पाणी मुळात इंद्रायणीच्या खोऱ्यातले. भीमा, कृष्णा असा प्रवास करून ते बंगालच्या उपसागराला मिळायचे. वीजनिर्मितीसाठी ते वळवले गेले आणि अरबी समुद्राकडे निघाले. पाणी गाळून घेणाऱ्या श्रावकाच्या घरी जिवाणीचा नियम असतो. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत गाळणीतले जीव परत सोडायचे, दुसऱ्या पाण्यात नव्हे. एका घड्यापुरता एवढा काटेकोर विचार करणाऱ्या परंपरेने पाहिले तर एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या समुद्राला देण्याची ही योजना अचंबित करणारी वाटेल. घाटावर तिची किंमत माणसांनी मोजली. याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला आणि पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, हे सर्वश्रुत आहे.

घाटाखाली मात्र या पाण्याने दोन वरदाने दिली. भिवपुरीच्या चक्रांतून सुटलेले पाणी पेज नदीत येते आणि राजनाला कालव्याने शेतात जाते. त्यामुळे कोकणात एरवी दुर्मीळ असलेले उन्हाळी भात कर्जतच्या काही गावांत डोलताना दिसते. पाताळगंगेला बारमाही प्रवाह मिळाला तोही खोपोलीच्या केंद्रामुळे. त्या प्रवाहाच्या भरवशावर खोपोलीपासून रसायनीपर्यंत कागद, पोलाद, रसायने आणि कृत्रिम धाग्यांचे कारखाने उभे राहिले. कारखान्यांनी हजारो संसार चालवले; नदीने त्याची किंमत आपल्या पाण्याच्या रंगाने आणि वासाने चुकवली. नदीकाठच्या कोळ्यांना विचारले तर ते यावर अधिक बोलतील.

ही वीज ज्या मनोऱ्यांवरून मुंबईला जात होती, ते मनोरेच १९४२ च्या लढ्यात निशाण्यावर आले. माथेरानला नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. खेड्यांतल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि उपासमारीच्या दिवसांत गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालवली. 'चले जाव'ची हाक आल्यावर त्यांच्या आझाद दस्त्याने डोंगरांतले विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली. ज्या गावांच्या डोक्यावरून वीज जात होती, त्या गावांत दिवा मात्र रॉकेलचाच होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले; भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे धारातीर्थी पडले. हिंसा-अहिंसेच्या तराजूत त्या लढ्याचे मोजमाप कसे करायचे, यावर आजही मतभेद होऊ शकतात. भुकेल्याच्या घरी धान्य पोहोचवणाऱ्या त्या धान्यकोठीबद्दल मात्र कोणाचे दुमत होऊ नये. आणि दुर्दैवाने तिचीच आठवण कमी निघते.

भात, रान आणि वीटभट्टी

भात हा इथला श्वास आहे. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून काम करीत आहे आणि आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. 'कर्जत' आणि पुढे आकडा अशा नावांचे बियाणे कोकणभर पेरले जाते; 'कर्जत १८४' हे त्यातले जुने, अनेकांच्या ओळखीचे नाव. 'सह्याद्री' हा संकरित भातही इथलाच. उन्हाळ्यात वाफ्यावर पालापाचोळा, शेण आणि माती पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यावर पेरायचे, रोपे हातभर झाली की चिखलात लावणी करायची, असा जुना क्रम अजून पुष्कळ ठिकाणी चालतो. राबाच्या धगीत तणाच्या बियांबरोबर जमिनीतले अगणित जीवही जळतात. अहिंसेचा सूक्ष्म विचार करणाऱ्याच्या ताटातला भातही त्यातून सुटलेला नसतो.

सपाटीवर आगरी, कुणबी, मराठा शेतकरी आहेत. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या पेठांत गुजराती आणि मारवाडी दुकानदारांबरोबर जैन घरेही स्थिरावली आहेत. डोंगर मात्र ठाकूर आणि कातकऱ्यांचा. ठाकूर वाडीला धरून राहतो. उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी पिकवतो, शिवाराच्या कडेला रान राखतो. कातकऱ्याला मात्र जमीन फार थोडी. खैराच्या लाकडापासून कात काढण्यावरून त्याचे नाव पडले. जंगलावर सरकारी बंधने आली आणि तो धंदा गेला. इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा डागही त्याच्या कपाळी लागला. आज कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड.

रानाचे ज्ञान या माणसांकडे आहे ते कोणत्याही पुस्तकात पूर्ण सापडणार नाही. वळवाच्या सरी पडल्या की शेवळे वर येतात. घशाला खाजू नयेत म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची. मग कुर्डू, टाकळा, भारंगी, करटोली. नेरळ आणि कर्जत स्थानकांबाहेर ठाकूर बाया या भाज्यांचे वाटे मांडून बसतात. गंमत अशी की त्यांची विक्री ऐन चातुर्मासात होते, जेव्हा पुष्कळ जैन घरांतून हिरवी भाजी कमी झालेली असते. कंदमुळे वर्ज्य असणारा श्रावक आणि आषाढात घरचे धान्य संपल्यावर रानातला कडू कंद उकडून, पाण्यात निववून खाणारी ठाकरीण, ही दोन माणसे एकाच बाजारात समोरासमोर उभी असतात. एकाचा त्याग व्रताचा आहे, दुसरीची निवड पोटाची. दोघांनाही एकमेकांच्या ताटाविषयी फारसे काही माहीत नसते.

भात कापून झाले आणि दिवाळी सरली की कातकऱ्यांची घरे बंद होतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडण्यासाठी अख्खे कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जाते. माती कालवणे, साच्यातून विटा पाडणे, त्या उलटणे, रचणे. लहान मुलेही कच्च्या विटा उलटायला हात लावतात. हिशेब शेवटी होतो आणि पुष्कळदा उचलीचा काही भाग पुढच्या वर्षावर राहतो. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये संपली. उचलीची साखळी मात्र अजून तुटलेली नाही.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म पहिले आणि वनकर्म दुसरे. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात अंगारकर्माचा अर्थ सांगताना कोळसा पाडण्याबरोबर विटा भाजण्याचाही समावेश केला आहे. अग्नी, माती आणि त्यांतले जीव यांच्या हिंसेचा विचार त्यामागे होता. भट्टीचा मालक श्रावक नसला तरी वीट विकत घेणारा असू शकतो, हा पुढचा विचार प्रत्येकाने आपापल्या घराच्या भिंतीकडे पाहून करायचा आहे.

मोरबे आणि इर्शाळ

चौक गावाच्या बाजूने पाहिले की इर्शाळगडाचा सुळका आणि त्यातले आरपार नेढे स्पष्ट दिसते. गडाच्या खाली मोरबे धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. धरण खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर. मालकी नवी मुंबई महानगरपालिकेची. स्वतःचे धरण असलेले शहर म्हणून नवी मुंबईचा उल्लेख अभिमानाने होतो तो याच पाण्यामुळे. या जलाशयाकडे पाहत गडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाटच होती. सुट्टीला गड चढणारी शहरी मुले वाडीत थांबत, पिठलं-भाकरी खात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, सतत चाललेल्या पावसात, डोंगराचा कडा वाडीवर आला. वाडीची लोकसंख्या २२८. मदतीला निघालेल्या माणसांना अंधारात आणि चिखलात पायी चढावे लागले. यंत्रे वर नेता येईनात. कुदळ-फावडे आणि हात यांनीच माती उकरावी लागली. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. ती त्या मातीतच राहिली. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, हे नंतर सरकारनेच सांगितले. वाचलेल्या कुटुंबांना कंटेनरच्या तात्पुरत्या वसाहतीत ठेवले गेले आणि चौकजवळ नानिवली येथे त्यांच्यासाठी घरे बांधण्याचे काम सिडकोने हाती घेतले.

दुर्घटनेनंतर मदतीचा ओघ मोठा होता. जैन संघांसह अनेक संस्थांनी कपडे, भांडी, धान्य दिले आणि ते योग्यच झाले. पण ठाकराचा संसार भांड्यांत नसतो. उतारावरची दळी, मोहाचे झाड, झऱ्याची जागा, गुरांची वाट हा त्याचा संसार. सुरक्षित जागी पक्के घर मिळाले तरी नाचणीचे शेत वरच राहते, आणि रोज तिथपर्यंत चढायचे की मजुरीला लागायचे, हे आता घरोघर ठरवावे लागते. दोन्ही तालुक्यांत अशा उतारांवर वसलेल्या वाड्या कितीतरी आहेत. त्यांना खाली आणावे असे म्हणणे सोपे. खाली जमीन कुठे आहे, हा प्रश्न विचारला की बोलणे थांबते.

कारण खालची जमीन दुसऱ्याच गतीने हात बदलत आहे. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि कर्जत-खालापूर मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आले. कायद्याने शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, आणि आदिवासीची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जात नाही. तरी बिगरशेती झालेले भूखंड, बंगल्यांच्या वसाहती आणि फार्महाऊस यांनी गावांचे माळ भरत चालले आहेत. त्यांत जैन कुटुंबांची घरेही आहेत. शहराच्या गजबजाटातून दोन दिवस शांतता मिळावी ही इच्छा कोणालाही समजू शकेल. अडचण शांततेची नाही, बोअरवेलची आहे. खडकातल्या ज्या भेगेतून वाडीचा झरा वाहतो, तीच भेग खालच्या बोअरवेलला पाणी देत असेल, तर पोहण्याचा तलाव भरला की वरचा झरा आधी आटतो. हे गणित बंगला विकणाऱ्याच्या पत्रकात नसते.

परिग्रहाला मर्यादा घालणाऱ्या व्रताचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्रकार सोन्याचांदीच्या आधी क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर, यांचा उल्लेख करतात. दुसऱ्या घराचा विचार करणाऱ्याने हे सूत्र एकदा उघडून पाहावे. ज्यांची घरे आधीच झाली आहेत, त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते फार खर्चाचे नाही: छतावरचे पाणी टाक्यात साठवणे, बोअरवेलभोवती पाणी मुरवणे, आणि शेजारच्या वाडीच्या झऱ्याला कठडा व झाकण करून देणे. इंद्ररक्षितांच्या पोढीला यापेक्षा अधिक कष्ट पडले असतील.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. मुंबईत चातुर्मास करून पुण्याकडे निघालेले संघ पहाटेच्या अंधारात जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खालापूर, खोपोली करीत बोरघाट चढतात. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना मज्जाव आहे, आणि जुन्या रस्त्यावर ट्रकांची गर्दी. म्हणून संघाचे स्वयंसेवक चमकणारे पट्टे बांधून मागे-पुढे चालतात; पुढच्या मुक्कामी गोचरीची आणि पक्क्या पाण्याची सोय आहे ना, याची चौकशी आदल्या दिवशीच झालेली असते. याच दिवसांत, याच रस्त्याच्या कडेला, कातकऱ्यांची कुटुंबे टेम्पोची वाट पाहत बसलेली असतात. बोचक्यात हंडा, तवा, गोधडी, कधी एखादी कोंबडी. भट्टीवर राहायला जागा कशी असेल, पाणी कुठून मिळेल, हे पोहोचल्यावरच कळते. ही कुटुंबे परततील ती जेठ-आषाढात, पाऊस सुरू व्हायच्या आत. साधू-साध्वीही तेव्हाच पुढच्या चातुर्मासाच्या ठिकाणी पोहोचलेले असतील. मधल्या सहा महिन्यांत वाडीच्या शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलांची नावे तशीच राहतात. जिथे हंगामी वसतिगृह चालते किंवा आजी मागे थांबायला तयार होते, तिथली दोन-चार मुले वर्गात दिसतात, आणि गुरुजी तेवढ्यांनाच घेऊन पुढचा धडा सुरू करतात.